कोणतंही बटण दाबा

शहराला पाणी सोडल्याशिवाय बाबा सकाळचा चहा घेत नसत. चहा निवला तरी चालेल, धाकटीला कामावर जायला उशीर झाला तरी चालेल, पण आधी पाणी. मागच्या खोलीत, कपडे वाळत घालायच्या दोरीखाली, एका टेबलावर ते जुनं मशीन होतं. बाबा शर्टाच्या बाह्या दुमडून त्याच्यासमोर बसायचे, स्विच दाबायचे, आणि मशीन कुरकुरत, पोटातून टकटक आवाज काढत उठायचं. त्याच्या मानाने बाबा बरे उठायचे.

खरं सांगायचं तर त्या मशीनला आता एक थेंबही सोडता येत नव्हता. त्याच्या पाठीतून निघणारी जाड वायर एकेकाळी पंपघरातल्या झडपांपर्यंत जायची, ती आता टेबलाच्या पायाला गुंडाळून ठेवली होती. पंपघरात नवी यंत्रणा आली आणि जुनं मशीन भंगारात निघालं, तेव्हा बाबांनी ते रीतसर अर्ज करून घरी आणलं. ज्या माणसाने उभ्या नोकरीत ऑफिसची पेन्सिल घरी आणली नव्हती, त्याने हे धूड आणलं. आई तेव्हा होती. ती म्हणाली, "सवत आणलीत." पुढे आई गेली, सवत राहिली.

सुरुवातीला तो निवृत्त माणसाचा छंद होता. बाबा मशीन लावायचे, पडद्यावरच्या हिरव्या आकड्यांत टाक्या भरायचे, रिकाम्या करायचे, आणि स्वतःवरच हसायचे. मग वायर कुठेच जात नाही ही गोष्ट त्यांच्या डोक्यातून हळूहळू निसटली. आता ते खरोखरच पाणी सोडत होते. एकदा ते झालं की दिवसभर अगदी गरीब गाय. अंघोळ करतील, जेवतील, वर्तमानपत्र हातात घेऊन खिडकीशी बसतील. पण ते झालं नाही, तर मग काही खरं नाही. पायात चपला नाहीत, शर्टाची बटणं वरखाली, आणि बाबा रस्त्याच्या मधोमध उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगताहेत, "आज पाणी सुटलेलं नाही. तुमच्याकडे भरलेलं आहे ना?" एकदा तर एका बसच्या ड्रायव्हरला त्यांनी हेच विचारलं, बस चालू असताना.

धाकटीला सगळे धाकटीच म्हणत. आता तिचेही केस कानाशी पांढरे झाले होते, पण घरात एकदा चिकटलेलं नाव कुणी खरवडून काढत नाही. ती लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत फोनवर बसायची. दिवसभर निरनिराळ्या इमारतींत निरनिराळी माणसं अडकायची आणि ती त्यांना सांगायची, "घाबरू नका, आमचा माणूस निघालाय." कधी माणूस खरंच निघालेला असायचा. संध्याकाळी घरी आली की शेजारच्या मावशी दारातच चपला घालून तयार असायच्या. "आज तीनदा कुलूप ओढून पाहिलं हो त्यांनी," म्हणायच्या आणि जायच्या. मावशींचा काय दोष? दिवसभर सांभाळायच्या हेच खूप होतं.

आता त्या मशीनची उठण्याची रीत सांगायला हवी, कारण सगळं घोडं तिथेच अडलं.

तसलं जुनं मशीन उठल्याउठल्या दोन फायली शोधतं. पहिलीत त्याला काय काय जोडलेलं आहे ते असतं. दुसरीत, उठल्यावर कोणती कामं कोणत्या क्रमाने करायची ते. ही दुसरी फाइल लिहून ठेवली की माणसाने नुसतं बसायचं, मशीन आपलं आपण कामाला लागतं. सगळं जग ती फाइल लिहायचं. बाबांनी ती कधी ठेवलीच नाही. पंपघरात वरिष्ठांनी सांगून पाहिलं, हाताखालच्यांनी विनवून पाहिलं. बाबांचं एकच, "झोपेतून उठलेल्याच्या हातात झडप द्यायची नाही. आधी त्याने विचारायचं, मग मी सांगायचं, मग त्याने करायचं." पंपघरात त्यांना तोंडावर टाकीसाहेब म्हणत. पाठीमागे काय म्हणत तेही धाकटीला माहीत होतं, पण ते इथे सांगण्यासारखं नाही.

फाइल नसली की मशीन आधी तारीख विचारतं, मग वेळ विचारतं, आणि मग काळ्या पडद्यावर एक पांढरी रेघ लुकलुकवत बसतं, की बोला, आता काय? बाबा तारीख भरायचे, वेळ भरायचे. मग 'पाणी' नावाच्या कप्प्यात जायचे. तिथे 'टाकी' लिहिलं की टाक्यांचे आकडे यायचे. 'सोड' लिहिलं की मशीन शेवटचं विचारायचं, पाणी सोडायचं? कोणतंही बटण दाबा. हा सगळा प्रोग्रॅम बाबांच्याच हातचा.

त्या शेवटच्या ओळीवर बाबांचा एक विनोद होता. पंपघरात एक नवा माणूस लागला होता. पहिल्याच दिवशी ही ओळ वाचून तो पार गोठला, आणि बऱ्याच वेळाने मान खाजवत म्हणाला, "साहेब, कोणतंही म्हणजे कोणतं?" त्यावर बाबा म्हणाले होते, "तुला आवडेल ते दाब रे बाबा. पाणी सगळ्यांनाच जाणार आहे." हा विनोद घरात इतका झिजला होता की पाहुणे बसले आणि बाबा घसा खाकरू लागले, की आई आत जाऊन कपबशा आपटायची. बाबा तो सांगताना त्या माणसाचं तोंड करायचे, खालचा ओठ लोंबता, बोट मानेवर. दादा, म्हणजे धाकटीचा मोठा भाऊ, दरवेळी हसायचा. लहानपणी हसायचा तसाच, पोट धरून.

तर एका सकाळी मशीनने तारीख विचारली आणि बाबांनी जी भरली ती कुठल्या जगातली होती देव जाणे. महिन्याच्या जागी भलताच आकडा. मशीनने नाकारली. बाबांनी पुन्हा तीच भरली. मशीनने पुन्हा नाकारली. धाकटी स्वयंपाकघरातून ऐकत होती. बाबांच्या बोटांचा आवाज वाढत गेला, मग थांबला, मग दाराची कडी वाजली. ती ओल्या हाताने धावली आणि जिन्यात त्यांना गाठलं.

ही बातमी दादाला मावशींकडून कळली. दादा दुसऱ्या शहरात राहायचा आणि दर रविवारी पहिल्या गाडीने यायचा. त्याला उंटावरून शेळ्या हाकणारा म्हणायला धाकटीला आवडलं असतं, पण तो तसा नव्हता. औषधं आणायचा, बाबांची नखं कापायचा, आणि जाताना बहिणीकडे असा बघायचा की तिला लपून बसावंसं वाटायचं.

"डॉक्टर काय म्हणाले होते आठवतंय ना?" दादा म्हणाला. "एखादं काम पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतःचं स्वतः करताहेत, तोवर घरी ठेवा. ते थांबलं की मग केंद्र."

ते दोघं 'केंद्र' म्हणायचे. वृद्धाश्रम हा शब्द दोघांपैकी एकाच्याही जिभेवर चढत नव्हता.

"करतात ना," धाकटी म्हणाली. "मशीन करतात की."

"परवा जिन्यात होते."

"एक दिवस चुकलं. तुझं काय चुकत नाही?"

"मी भांडायला नाही आलो गं," दादा म्हणाला. "तू आरशात बघतेस का कधी? मी रविवारी येऊन बसत जाईन. डोळ्यांनी बघेन. जमतंय तोवर मी एक शब्द बोलणार नाही. नाही जमलं, तर तूही बोलायचं नाही."

ती हो म्हणाली. दुसरं काय म्हणणार? दादाला मशीनमधलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि धाकटीला बाबांनी लहानपणी मांडीवर बसवून त्याच मशीनवर अक्षरं शिकवली होती. त्याच आठवड्यात, बाबा अंघोळीला गेलेले असताना, ती मशीनसमोर बसली आणि तिने ती दुसरी फाइल बनवली. आत काही लिहिलं नाही. एक रिकामी ओळ, बस्स. पण त्या मशीनची गंमत अशी, की फाइल नुसती आहे एवढं कळलं तरी ते तारीख आणि वेळ विचारत नाही. रिकाम्या ओळीने एवढं काम केलं.

दुसऱ्या दिवशी बाबा स्विच दाबून बसले. पांढरी रेघ थेट आली. ते तिच्याकडे बघत राहिले.

"आज तारीख नाही विचारली याने."

"विसरलं असेल," धाकटी दारातून म्हणाली.

"मशीन विसरत नाही. माणूस विसरतो." बाबांनी मशीनच्या अंगावर थोपटलं. "पण म्हातारं झालंय बिचारं. चालायचंच."

आणि पुढचं सगळं त्यांनी बरोबर केलं. रविवारी दादाने स्टुलावर बसून ते पाहिलं, आणि त्याच्या जिवात जीव आला. धाकटीने त्या दिवशी त्याला जास्तीची पोळी वाढली. आपण त्याला फसवतो आहोत असं तिला वाटलं, आणि त्याहून जास्त, आपण बाबांना वाचवलं असं वाटलं.

पुढे व्हायचं तेच झालं. काही आठवड्यांनी बाबा 'पाणी' कप्प्याचं नाव विसरले. पांढऱ्या रेघेसमोर बसून त्यांनी आईचं नाव लिहिलं. मशीनने सांगितलं, असं काही इथे नाही. धाकटीने त्या सकाळी त्यांच्या खांद्यावरून हात घालून कप्पा उघडून दिला, आणि ते अंघोळीला गेल्यावर फाइलीत पहिली ओळ लिहिली. आता मशीन आपलं आपण कप्प्यात जायचं. मग 'टाकी' गेली. दुसरी ओळ. बाबांचं जे जे सुटत होतं, ते ते धाकटी फाइलीत भरत होती. बाबांच्या डोक्यातून निघालेल्या गोष्टी तिने दुसरीकडे ठेवून दिल्या होत्या, एवढाच काय तो फरक. बाबांनी आयुष्यभर जी फाइल ठेवली नाही ती त्यांच्याच मशीनमध्ये वाढत होती, आणि ती वाढवणारी त्यांचीच मुलगी. तोंड कडू व्हायचं तिचं. पण सकाळी दार उघडं सापडत नव्हतं ना, मग झालं तर.

आणि दमली होती हो ती. दमणं म्हणजे काय, हे ज्याने आजारी माणूस सांभाळला नाही त्याला सांगून उपयोग नाही. गॅसची कळ, बाहेरचं कुलूप, औषधाच्या गोळ्या गालात लपवलेल्या, पलंगाखाली सापडलेला दुधाचा पेला. एक दिवस फोनवर एक गृहस्थ दोन मजल्यांच्या मध्ये अडकून ओरडत होते, "कुणी येतंय की नाही?" आणि ती म्हणाली, "बाबा, आधी चहा घ्या." शेजारच्या टेबलावरचे सगळे हसले, तीही हसली, आणि नंतर बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिली.

तिच्या मनात पाप येत नव्हतं असंही नाही. 'सोड' हा शब्द बाबांकडून निसटला, त्या दिवशी तिने ओळ लिहिली नाही. मुद्दाम. चुकू दे एकदाचं, रविवारी दादा बघेल, केंद्रात नेईल, आणि मी झोपेन. एवढं साधं होतं ते. बाबा पांढऱ्या रेघेसमोर बराच वेळ बसले आणि मग उठून बादली घेऊन निघाले. ती खिडकीतून बघत राहिली. खाली कोपऱ्यावर, दुकानाच्या पायरीशी, बाबा लोकांना रिकामी बादली दाखवत होते आणि माफी मागत होते. "माझी चूक आहे," म्हणत होते. "माझ्याकडून झालंय." एका बाईने त्यांच्या बादलीत नाणं टाकलं.

धाकटी जिने उतरून कशी गेली तिला आठवत नाही. त्यांना घरी आणलं, पाय धुतले, आणि हात पुसायच्या आधी जाऊन तिसरी ओळ लिहिली.

त्यानंतर बाबांना स्विच दाबून नुसतं बसायचं होतं. मशीन कप्प्यात जायचं, टाक्या दाखवायचं, सोडायला निघायचं, आणि तिथे थांबायचं. पाणी सोडायचं? कोणतंही बटण दाबा. बाबा एक बटण दाबायचे. तेवढंच. तेही फाइलीतून करता आलं असतं. धाकटीला ते येत होतं, अगदी एका ओळीचं काम होतं. पण तिने केलं नाही. झोपेतून उठलेल्याच्या हातात झडप द्यायची नाही. एवढं एक विचारणं राहू दे, असं तिने ठरवलं.

दादा रविवारमागून रविवार स्टुलावर बसून समाधानाने मान हलवायचा. "हल्ली तर पटापट करतात," तो एकदा म्हणाला. "पूर्वी वेळ लागायचा."

धाकटीने भांड्यांचा आवाज केला. आई करायची तसाच.

मग तो रविवार आला. बाबांची दाढी दादाने केली होती, गालाला साबण लागलेला होता. बाबांनी स्विच दाबला. मशीन कुरकुरलं, टकटकलं, उठलं. टाक्यांचे आकडे आले आणि गेले. शेवटची ओळ आली. बाबांनी बोट उचललं आणि ते बोट तसंच राहिलं. त्यांनी बटणांवरून नजर फिरवली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि मान वळवली.

"कोणतंही म्हणजे कोणतं?"

दादा हसत सुटला. पोट धरून, मांडीवर थाप मारून. "घ्या! अजून तेच! बाबा, कमाल आहे तुमची. अगं, ऐकलंस का? मी उगाच काळजी करतो. हा माणूस ठणठणीत आहे!"

मुलगा हसतो आहे म्हणून बाबाही थोडे हसले. धाकटी हातात फडकं घेऊन दारात उभी होती. बाबांचा ओठ लोंबता नव्हता. बोट मानेवर गेलं नव्हतं. तिने तो विनोद शेकडो वेळा ऐकला होता, आणि त्यातल्या माणसाचं तोंड न करता बाबांनी तो एकदाही सांगितला नव्हता.

दादा डोळे पुसत होता. बाबा आता एकट्या तिच्याकडे बघत होते. आवाज खाली आणून, चारचौघांत विचारायची लाज वाटावी तसं, ते म्हणाले, "सांग ना गं. कोणतं? लोक नळाशी उभे असतील."

तिला काही करायचं नव्हतं. नुसतं हसायचं होतं. हसायचं, पुढे व्हायचं, बाबांचं बोट एका बटणावर टेकवायचं, आणि दादा सहाच्या गाडीने खुशीत परत गेला असता. आणखी एक रविवार मिळाला असता. तो आपल्याला हवा आहे की नको, हेच तिला कळेना. तिला फक्त एवढं कळलं की आता आणखी एक खोटं उचलायची ताकद अंगात नाही.

"दादा," ती म्हणाली, "ते विनोद नाही करत. ते विचारताहेत."

"काय?"

"त्यांना माहीत नाही. ते खरंच विचारताहेत."

दादाच्या तोंडावरचं हसू जायला वेळ लागला. धाकटी बाबांच्या मागे गेली, त्यांचा हात आपल्या हातात घेतला आणि खालच्या लांब बटणावर ठेवून दाबला. आकडे उतरू लागले. बाबांनी श्वास सोडला. "झालं," ते म्हणाले. "चहा टाकतेस?"

स्वयंपाकघरात, चहा उकळत असताना, तिने दादाला सगळं सांगितलं. रिकामी ओळ, पहिली ओळ, दुसरी, तिसरी. बादलीतलं नाणंही सांगितलं.

"म्हणजे इतके रविवार मी बसून काय बघत होतो?"

"मशीन."

"आणि बाबा?"

"स्विच. आणि ते एक बटण."

तो रागावेल अशी तिने तयारी ठेवली होती. उत्तरंही ठेवली होती. दादा गॅसपाशी गेला, उतू जाणाऱ्या चहाखालची आच त्याने बारीक केली, आणि तिच्याकडे पाठ ठेवूनच म्हणाला, "किती दमली असशील गं तू." त्या एका वाक्याने तिची सगळी उत्तरं वाया गेली. ती ओट्याला टेकून रडली. रडून झाल्यावर तीच म्हणाली, "केंद्राला फोन कर." म्हणताना तिला आधी हलकं वाटलं. हलकं वाटलं याची लाज त्यानंतर आली, आणि ती मात्र गेली नाही.

केंद्राची खोली वाईट नव्हती. खिडकी होती, खिडकीबाहेर एक झाड होतं, भिंती नुकत्याच रंगवलेल्या होत्या. मशीन आणू द्यायला तिथले व्यवस्थापक आधी तयार नव्हते, पण दादाने त्यांच्याशी इतका वेळ वाद घातला की शेवटी ते कंटाळून हो म्हणाले. मशीन टेबलावर चढलं. जाड वायर धाकटीने टेबलाच्या पायाला पुन्हा गुंडाळली, घरी होती तशीच. बाबा खुर्चीत बसले होते, दाढी केलेले, शर्टाची बटणं जिथल्या तिथे. इथे का आलो ते त्यांनी विचारलं नाही. कदाचित नवीन पंपघर वाटलं असेल.

सकाळच्या पाळीची सेविका आली. चांगली, गोल चेहऱ्याची, घाईत असलेली बाई. धाकटी तिला समजावू लागली. रोज सकाळी, चहाच्या आधी. स्विच त्यांना दाबू द्यायचा. मग काही करायचं नाही, ते आपलं आपण होतं. शेवटी मशीन थांबेल आणि विचारेल. तेव्हा त्यांचा हात धरून एक बटण दाबायचं. न विसरता. ते झालं की मग दिवसभर त्रास नाही.

"अच्छा," सेविका म्हणाली आणि वाकून पडदा बघू लागली. मशीन उठलं होतं, टाक्यांचे आकडे येऊन गेले होते, ओळ आली होती. सेविकेने बटणांकडे पाहिलं. एवढी बटणं बघून ती जरा गोंधळली.

"कोणतंही म्हणजे कोणतं, ताई?"

धाकटी सांगायला तोंड उघडते तोच मागून खुर्ची करकरली.

"तुला आवडेल ते दाब गं बाई," बाबा म्हणाले. आवाज जुना होता, टाकीसाहेबांचा. "पाणी सगळ्यांनाच जाणार आहे."

सेविका हसली. दादा हसला नाही. त्याने धाकटीकडे पाहिलं आणि धाकटीने त्याच्याकडे. त्या रविवारी हेच उत्तर आलं असतं, तर आज आपण इथे उभे असतो का? दोघांच्याही मनात तेच होतं. घाई झाली का, हे विचारायचं दोघांनाही धैर्य नव्हतं. आणि विचारलं असतं, तरी सांगणार कोण होतं?

सेविकेने एक बटण दाबलं. आकडे उतरू लागले. बाबांनी ते शेवटपर्यंत पाहिलं, मान डोलावली आणि पाठ टेकली.

"झालं," ते म्हणाले. "चहा टाकतेस?"

"टाकते," धाकटी म्हणाली, आणि निघाली. दारापर्यंत गेल्यावर तिला कळलं की इथलं स्वयंपाकघर कोणत्या बाजूला आहे ते तिला माहीत नाही.